हद्दीच्या अलीकडून

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याची वाट फुटते आणि पुढे कापूरहोळहून भोरची. या वाटांवर आज फलक दिसतात ते रिसॉर्टचे, प्लॉटिंगचे आणि राजगड-तोरण्याच्या ट्रेकचे. ८ मार्च १९४८ पर्यंत मात्र या वाटेनं जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. भोर संस्थानचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल आणि १९०१ च्या शिरगणतीत वस्ती १ लाख ३७ हजार. रोहिडा, राजगड, तोरणा हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याची गावं, म्हणजे आजचा भोर आणि आजचा वेल्हे (आता त्याचं नाव राजगड तालुका), या मुलखात पंतसचिवांचा, म्हणजे भोरच्या राजाचा, हुकूम हाच कायदा होता. पुण्यात सभा भरवायची तर ब्रिटिश कलेक्टरशी भांडावं लागे, पण भांडायला निदान कोर्ट होतं, वर्तमानपत्र होतं, कौन्सिल होतं. हद्दीपलीकडच्या शेतकऱ्याकडे यांतलं काहीच नव्हतं.

मग प्रश्न आला तो अलीकडच्यांपुढे. आपण मोकळे आहोत, निदान पलीकडच्यापेक्षा मोकळे आहोत. पलीकडच्याचं तोंड बांधलेलं आहे. तेव्हा आपण करायचं काय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्करानं निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणमधल्या बायका रस्त्यावर आल्या. ती चित्रं त्याच दिवशी भोरच्या एसटी स्टँडवरच्या मोबाइलवरही पोचली. पाहणारा हळहळतो, पुढे पाठवतो आणि मनात म्हणतो, आपल्या हातात काय आहे? कुणी म्हणतं, तो त्यांचा अंतर्गत मामला. कुणी म्हणतं, फौज घालावी. या दोन टोकांच्या मधे माणसानं करण्यासारखं बरंच काही असतं, आणि ते या डोंगरांच्या आसपासच्या माणसांनी करून पाहिलेलं आहे. त्यातलं काय बरोबर ठरलं आणि काय फसलं, ते तपासायला म्यानमारपर्यंत जावं लागत नाही.

दक्षिणी संस्थान हितवर्धक सभा १९२१ मध्ये स्थापन झाली ती पुण्यात. संस्थानी प्रजेची संस्था ब्रिटिश मुलखात काढावी लागली, यातच परिस्थिती आली. न. चिं. केळकर तिच्यामागे होते आणि सांगलीचे गणेश रघुनाथ अभ्यंकर हे तिचे खरे कष्टकरी. त्यांचं काम कंटाळवाणं होतं. कुठल्या संस्थानात कोणता कर बसला, कोणाला हद्दपार केलं, दरबाराच्या खर्चातलं किती प्रजेकडे जातं आणि किती राजवाड्याकडे, याची टिपणं करायची, ती छापायची, अर्ज करायचे आणि पुन्हा टिपणं करायची. घोषणा देणाऱ्यांच्या आठवणी निघतात, टिपणं करणाऱ्यांच्या निघत नाहीत. पण बाहेरच्या माणसाचं पहिलं काम हेच, आणि ते आत राहणाऱ्याला शक्य नसतं म्हणूनच ते बाहेरच्याचं.

ते किती झोंबलं हे सरकारनंच सांगितलं. १९२२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांनी संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवली तर शिक्षा करणारं विधेयक आलं. मध्यवर्ती कायदेमंडळानं ते मांडायलाही परवानगी नाकारली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून ते कायद्यात उतरवलं. १९३४ मध्ये आणखी एक कायदा आला. ब्रिटिश मुलखात जथे जमवून संस्थानात शिरण्याला बंदी करण्याची सोय त्यात होती. हा कायदा लक्षात ठेवावा. वीस-एकवीस वर्षांनी स्वतंत्र भारताचं सरकार वेगळ्या हद्दीवर जथे अडवायला उभं राहिलं, तेव्हा कारणं निराळी होती, पण थांबवला गेला तो माणूस तोच होता.

डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. त्याच महिन्यात संस्थानं आणि ब्रिटिश सरकार यांच्या संबंधांचा विचार करायला बटलर समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी अभ्यंकरांसह परिषदेचं शिष्टमंडळ थेट इंग्लंडला गेलं. समितीनं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही. हा मामला राजे आणि बादशहा यांच्यातला, प्रजेचा त्यात संबंध नाही, अशी तिची भूमिका होती. ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागतो आहे त्यांनाच खोलीबाहेर बसवण्याची ही रीत अजून चालू आहे.

भोरच्या माणसाला ती रीत ओळखीची होती. भाटघरचं मोठं धरण, तेव्हाचं लॉइड धरण, १९२८ मध्ये पुरं झालं. आज त्या पाण्याला येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी अडवलं भोर संस्थानात आणि ते निरा कालव्यांनी गेलं ते मुख्यतः खालच्या ब्रिटिश मुलखात, बारामती-इंदापूरकडे. कालव्यानं दुष्काळी भाग तारला, हे खरंच आहे. पण ज्याचं शेत पाण्याखाली जायचं होतं त्यानं निवडून दिलेला माणूस त्या वाटाघाटीत बसेल, अशी सोयच संस्थानी कारभारात नव्हती. प्रजेच्या वतीनं बोलायचं ते राजानं. पंतसचिवांची आणि, ज्याच्याकडे मी पुढे येणार आहे त्या, पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. तसं करणं खोटेपणा होईल. पण दडपशाहीची सुरुवात नेहमी लाठीनंच होत नाही. माणसाचं म्हणणं दुसऱ्यानंच मांडायचं, असं एकदा ठरलं की पुढचं सोपं होतं.

वेल्ह्याला लागून उत्तरेला मुळशी आहे. तिथे राजा नव्हता, कंपनी होती. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे सेनापती झालेले पांडुरंग महादेव बापट होते पारनेरचे, म्हणजे तेही बाहेरचेच. लढा लांबला तसे ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्या पुण्याच्या सावकारांनी नुकसानभरपाईची वाट धरली. कसणाऱ्या मावळ्याला तो मार्ग नव्हता. बापट मावळ्यांबरोबर राहिले आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी त्यांनी रेल्वे अडवण्याचा जो प्रकार केला त्याचं समर्थन मी करणार नाही. त्यासाठी त्यांनी सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. तरी मुळशीनं एक गोष्ट दाखवली. बाहेरून आलेल्या दोन माणसांतला फरक त्यांच्या भाषणांत दिसत नाही. तडजोडीचा कागद समोर आल्यावर कोण कुठल्या बाजूला बसतो, तिथे तो दिसतो.

संस्थानांच्या बाबतीत काँग्रेसनं दुसरी वाट धरली होती. गांधीजींचं म्हणणं, संस्थानी प्रजेनं आपल्या बळावर उभं राहावं. बाहेरच्यांनी आत शिरून लढा चालवला तर प्रजेत ताकद येणार नाही आणि बाहेरचे गेले की ती पुन्हा दबेल. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनातला ठराव याच सुराचा आहे : संस्थानांतल्या लढ्यात काँग्रेसचं नाव वापरू नये, प्रजेनं आपल्या संघटनेतून लढावं. यात मोठं शहाणपण आहे. पण त्याची किंमत आतल्यांनी मोजली, हेही तितकंच खरं. वर्षभरात खुद्द गांधीजींनाच राजकोट संस्थानात मार्च १९३९ ला उपोषणाला बसावं लागलं आणि त्याच सुमाराला जवाहरलाल नेहरू संस्थानी प्रजा परिषदेचे अध्यक्ष झाले. तत्त्व सोडलं असं नाही, पण तत्त्व पुरेसं नाही हे त्यांच्याच कृतीनं सांगितलं.

शेजारच्या औंधचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. तिथे राजा भवानराव, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, गांधीजी आणि पोलंडहून आलेला एक इंजिनिअर, मॉरिस फ्रिडमन, यांनी मिळून १९३८-३९ मध्ये गावपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना आणली. फ्रिडमनइतका बाहेरचा माणूस शोधून सापडणार नाही. लोक त्यांना भारतानंद म्हणत. ते औंधच्या लोकांत मिसळले, राजाला अधिकार सोडायला तयार करण्यात त्यांचा वाटा होता आणि पुढे आपल्या नावाचा डंका त्यांनी कधी वाजवला नाही.

पुन्हा भोरकडे येऊ. भोरहून मांढरदेवीच्या रस्त्यानं निघालं की अंबवडे लागतं. नागेश्वराचं देऊळ, संस्थानकाळातला झुलता पूल आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या. पुढे रायरेश्वराच्या पायथ्याला कारी, जेध्यांचं गाव. इथे येणारे लोक कान्होजींसाठी येतात, आणि ते योग्यच आहे. अफजलखान आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाहीची फर्मानं आली होती : शिवाजीला सोडा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी मुलांना घेऊन राजगडावर गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. जेधे करीना आणि जेधे शकावली या कागदांमुळे हे घराणं इतिहासात पक्कं बसलं. ती शकावली १९१६ मध्ये प्रसिद्ध केली लोकमान्य टिळकांनी, आणि तिची वही त्यांच्याकडे आली ती जेध्यांच्याच घरातून.

याच घराण्यातले केशवराव मारुतराव जेधे. जन्म १८९६, पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं जेधे मॅन्शन हे त्यांचं घर. कारी-अंबवड्याला त्यांचं नाव फार कुणी घेत नाही. ते पुण्याचे वाटतात. पण मी ज्या प्रश्नामागे या गावांत आलो त्याचं मराठी मातीतलं सगळ्यात मोठं उत्तर या माणसाच्या अध्यक्षतेखाली शोधलं गेलं. ऐन तारुण्यात केशवराव ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातले अग्रणी होते. दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक १९२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं. लोकमान्यांवर त्यात इतकी कडक टीका होती की खटला झाला, शिक्षा झाली आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सोडवलं. पुढे १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यासाठी पुण्यात सर्वपक्षीय गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. अध्यक्ष केशवराव जेधे, चिटणीस लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक. समाजवादी, काँग्रेसवाले, कम्युनिस्ट, जनसंघ, हिंदुसभा, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका कामासाठी एकत्र आले. आपला आवडता कैदी आणि त्यांचा नावडता कैदी अशी विभागणी त्या कामापुरती तरी झाली नाही. आज ती सर्रास होते, आणि जुलूम करणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

समितीच्या नावातला ‘सहायक’ हा शब्द तिनं काही काळ मनापासून पाळला. लढा गोमंतकीयांचाच होता. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले ते ज्युलिओ मिनेझिस या गोमंतकीय मित्राच्या घरी विश्रांतीला आलेले असताना. तिथे सभा घ्यायला बंदी, संघटनेला बंदी. लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. लोहियांना हद्दीबाहेर सोडण्यात आलं. त्रिस्ताव ब्रागांस कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांना मात्र पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेलं. बाहेरच्याला हाकलतात, आतल्याला पुरतात. दडपशाहीचा हा हिशेब बाहेरच्यानं कधी विसरू नये. सालाझारची राजवट खुद्द पोर्तुगीजांनाही सोडत नव्हती. लिस्बनचा विद्यार्थी आणि म्हापशाचा मास्तर एकाच पोलिसांच्या यादीत होते.

एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवा या संघटनेचं अधिवेशन बंदी मोडून भरलं आणि त्याच्या अध्यक्षा सुधाताई जोशी यांना तिथेच पकडलं. सुधाताई मूळच्या गोमंतकातल्या, पण राहायला पुण्यात. ‘भारतीय संस्कृती कोशा’चे महादेवशास्त्री जोशी हे त्यांचे यजमान. मराठी लेखकाची पत्नी पोर्तुगीजांच्या कोठडीत आणि लेखक पुण्यात कोशाचं काम करतो आहे, हे त्या काळचं पुणं मला फार मोठं वाटतं.

पुढचा महिना, १८ मे १९५५. भारतीय सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी हद्द ओलांडून गेली. पुढे नानासाहेब गोरे आणि त्यांच्याबरोबर सेनापती बापट, मुळशीचे तेच बापट, वय ७४. लाठ्या पडल्या. बापटांना परत धाडलं, गोऱ्यांना ठेवून घेतलं आणि दहा वर्षांची सजा ठोठावली. पाठोपाठ तुकड्या गेल्या. शिरुभाऊ लिमये, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, मधू लिमये, बंगालचे त्रिदिब चौधरी. मधू लिमयांना मारहाण इतकी झाली की ते मेल्याची बातमी भारतात पसरली होती. हातात शस्त्र नाही, मार खायचा, परत आलात तर पुन्हा जायचं. इथे कान्होजींची आठवण येते. माणूस दुसऱ्याच्या न्यायासाठी बोलतो आहे, पण त्यानं पाणी सोडलं कशावर? गोऱ्यांनी आपल्या आयुष्याच्या दहा वर्षांवर सोडलं होतं. सुटका फेब्रुवारी १९५७ मध्ये झाली, पण ती होईल हे आत जाताना त्यांना कुठे ठाऊक होतं?

१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक अशा ठिकाणांहून एकाच वेळी शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. पंजाबचे कर्नैल सिंग पत्रादेवीला पडले. पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. दिल्लीनं पोर्तुगालशी उरलेसुरले संबंध तोडले, गोव्यातली वकिलात बंद केली आणि त्याच वेळी आपल्या बाजूची हद्दही बंद करून सत्याग्रह थांबवला.

नेहरूंवर तेव्हा जी टीका झाली ती पुण्यात अजून ऐकू येते. माझं मत थोडं निराळं आहे. १९५४ च्या १५ ऑगस्टलाही त्यांनी गोवेकर नसलेल्यांना हद्दीवर अडवलं होतं. लढा गोमंतकीयांचा दिसला पाहिजे, भारतीयांची स्वारी दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह हरिपुऱ्याचाच पुढचा भाग होता आणि तो चुकीचा नव्हता. निःशस्त्र माणसांना गोळीच्या तोंडी पाठवत राहणं कुठल्याही सरकारला शोभलं नसतं. चूक झाली ती पुढे. सत्याग्रह थांबवला तेव्हा आतल्यांना सांगण्यासारखं दुसरं काही सरकारकडे नव्हतं. ज्या शिक्षकानं, ज्या कारकुनानं बाहेरच्यांच्या भरवशावर मान वर केली होती तो आत राहिला, पोर्तुगीज पोलिसांसमोर एकटा. बाहेरच्यानं मदत सुरू करताना ती थांबेल केव्हा आणि थांबली तर आतल्याचं काय, याचा विचार आधी केला पाहिजे. तो न करता दिलेला धीर म्हणजे फसवणूकच, मग हेतू कितीही चांगला असो.

सत्याग्रहाच्या जागी आली ती नाकेबंदी. रेल्वे बंद, व्यापार बंद, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरानं घरी पैसे धाडण्यावर बंधनं. वाटलं होतं गोवा गुदमरेल आणि सालाझार वाकेल. झालं असं की हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा बोटीनं येऊ लागला. लोखंडाच्या खाणी जोरात चालल्या, खनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागलं आणि पोर्तुगीज तिजोरीत भर पडली. मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगणाऱ्या म्हातारीचं घर मात्र अडचणीत आलं. निर्बंध वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण निर्बंध कोणाच्या चुलीवर पडतात आणि कोणाच्या खाणीवर पडत नाहीत, हे पाहिल्याशिवाय त्यांना पाठिंबा देऊ नये. पोर्तुगालला नाटोचं छत्र होतं. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबरच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणण्याला मान तुकवली. स्वातंत्र्याच्या नावानं जग जिंकायला निघालेल्या सत्तांना आपल्या मित्राच्या तुरुंगातला कैदी दिसत नाही. हा रोग अमेरिकेचाच आहे असं मात्र नाही. आपण तेल, तोफा आणि व्यापार ज्यांच्याशी करतो त्यांच्या तुरुंगांविषयी आपणही गप्प असतो.

गोव्याच्या मुक्तीचं श्रेय-अपश्रेय, १७ ते १९ डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई, सुरक्षा समितीतला रशियाचा नकाराधिकार, यांवर ग्रंथ आहेत आणि ते सरकारांचं क्षेत्र आहे. दोनच गोष्टी इथे बोलायच्या आहेत.

पहिली आपल्या मराठी मनाला टोचणारी आहे. गोव्यासाठी महाराष्ट्र झिजला यात शंका नाही. पण आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात मुक्त गोवा महाराष्ट्रातच यायचा, हे आधीच ठरलेलं होतं. तो संयुक्त महाराष्ट्राचा काळ होता, समजण्यासारखं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत घेतलं तेव्हा वेगळं राहण्याच्या बाजूनं १ लाख ७२ हजार १९१ मतं पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूनं १ लाख ३८ हजार १७०. महाराष्ट्रात अनेकांना हा कृतघ्नपणा वाटला. मला तो आपलाच दोष वाटतो. मदत करणारा मदतीच्या पोटात आपली मागणी दडवतो, तेव्हा आतला माणूस एका मालकाकडून सुटून दुसऱ्याच्या अपेक्षांत अडकतो. गोव्यानं मतपेटीतून स्वतःचं ठरवलं. सुधाताई आणि गोरे तुरुंगात गेले ते याच हक्कासाठी.

दुसरी गोष्ट मोहन रानडे यांची. सांगलीचे हे तरुण शिक्षक गोव्यातल्या सावईवेरेला मुलांना शिकवत. ते आझाद गोमंतक दलात गेले, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. शिक्षा २६ वर्षांची. त्यांनी शस्त्र घेतलं होतं, तेव्हा त्यांची वाट गोऱ्यांची नव्हे. पण १९ डिसेंबर १९६१ ला पणजीवर तिरंगा चढला तेव्हा रानडे लिस्बनजवळ काशियशच्या तुरुंगात होते, आणि तिथेच राहिले. गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. फुलं उधळून झाली, पुतळे झाले, वर्षं गेली. बहुतेकांच्या लेखी प्रश्न मिटला होता.

ज्यांच्या लेखी मिटला नव्हता त्यांत सुधीर फडके होते. दादरा-नगर हवेलीच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात स्वतः उतरलेल्या या गायक-संगीतकारानं रानड्यांच्या सुटकेसाठी समिती काढली, दारोदार फिरून पाठपुरावा केला. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये परदेशी गेले तेव्हा त्यांनी पोप पॉल सहावे यांची भेट घेऊन रानड्यांसाठी शब्द टाकला. एका तमिळ नेत्यानं कॅथलिक धर्मगुरूपाशी एका मराठी ब्राह्मण शिक्षकासाठी केलेली ती विनंती. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई वारले. गोमंतकीय लेखक तेलो द माश्कारेन्हस यांना आणखी वाट पाहावी लागली. ते १९७० मध्ये बाहेर आले. रानडे २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात वारले.

याच तुरुंगांतून दुसरीही एक गोष्ट निघाली. लंडनचे वकील पीटर बेनेन्सन सांगत की, लिस्बनमध्ये स्वातंत्र्याच्या नावानं प्याला उंचावल्याबद्दल दोन विद्यार्थ्यांना शिक्षा झाल्याचं वाचून ते अस्वस्थ झाले. २८ मे १९६१ ला त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’ या पत्रात विसरल्या गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. त्यात सहा कैदी होते. एक होता अंगोलाचा कवी-डॉक्टर आगोस्तिन्यो नेतो, पोर्तुगालचाच कैदी. त्या लेखातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संघटना जन्मली. तिची पद्धत साधी होती. एका गावातल्या काही लोकांनी दूरच्या देशांतले दोन-तीन कैदी निवडायचे आणि त्यांच्यासाठी पत्रं लिहीत राहायचं, तुरुंगाधिकाऱ्याला, मंत्र्याला, वकिलातीला. सगळ्यांसाठी काहीच न करता येणारा माणूस एकासाठी करू शकतो, यावर ती उभी होती. फडके तेच करत होते, कुठल्या लंडनच्या लेखाची वाट न पाहता.

२५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमध्ये सैनिकांनीच ती राजवट उलथवली आणि काशियशचे दरवाजे उघडले. आत पोर्तुगीज कैदी होते. त्याच वर्षअखेरीस नव्या पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आणि सहाच महिन्यांत, जून १९७५ मध्ये, आपल्याकडे आणीबाणी आली. पोर्तुगीजांच्या तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काळ काढलेले मधू लिमये आता भारताच्या तुरुंगात गेले. येरवडा भरलं. वर्तमानपत्रांच्या मजकुरावर सेन्सॉरचा हात आला. त्या वेळी परदेशांतल्या भारतीयांनी आणि परक्या नागरिकांनी निदर्शनं केली, पत्रकं छापली, तेव्हा आपल्या सरकारनंही तेच म्हटलं : हा आमचा अंतर्गत मामला आहे. बटलर समिती जे म्हणाली, सालाझार जे म्हणत होता, तेच.

म्हणून दुसऱ्या देशातल्या जुलमाबद्दल बोलताना आपल्या घरातल्या कोठड्या झाकून चालत नाही. घर आधी साफ करा, मग बोला, असं मला म्हणायचं नाही. त्या सबबीखाली कुणीच कधी बोलणार नाही. दोन्ही एकाच मापानं मोजा, इतकंच. परक्या देशातला पत्रकार आत गेला तर निषेध आणि आपल्या राज्यातला कार्यकर्ता वर्षानुवर्षं खटल्याविना आत राहिला तर मौन, हे दिसतं. ते आपल्याला दिसलं नाही तरी त्या परक्या देशाच्या राजदूताला दिसतं, आणि आपल्या निषेधाची किंमत तो तिथेच ठरवतो.

अंबवड्याच्या समाध्यांपाशी शाळांच्या सहली येतात. मुलांना कान्होजींनी वतन सोडल्याचं सांगितलं जातं. त्यांना केशवरावांचंही सांगावं : या घराण्यातल्या एका माणसानं, आपल्या जुन्या वैऱ्याच्या नातवाशेजारी बसून, जिथे त्याचा एक गुंठाही नव्हता अशा मुलखातल्या माणसांसाठी समिती चालवली. इतिहासाच्या पुस्तकात गोव्याचं पान दिल्लीच्या फौजेपासून सुरू होतं. ते पुण्याच्या पावतीपुस्तकांपासून, मार खाऊन परतलेल्या तुकड्यांपासून आणि सुधाताईंच्या कोठडीपासून सुरू झालं पाहिजे.

वाचकांना एक विनंती आहे. कुठल्याही एका देशातला, आपल्या देशातलाही चालेल, एक कैदी निवडा. त्याचे स्वतःचे लोक काय मागत आहेत ते आधी वाचा. त्यांनी गप्प राहा म्हटलं असेल तर गप्प राहा, नाव घ्या म्हटलं असेल तर घ्या. त्याच्या सरकारला आणि आपल्या खासदाराला पत्र लिहा, सही आपल्या खऱ्या नावानं करा. उत्तर येणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा. तो सुटेपर्यंत लिहा, त्याचा देश सुटला तरी तो सुटेपर्यंत.